लॅपटॉपवर लागणारी डीव्हीडी आजोबांच्या प्लेअरवर का लागत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं शूटिंग आहे. दोन फायली, एक शूटिंगवाल्याने पेनड्राइव्हवर दिलेली १ तास २५ मिनिटांची, दुसरी तुमच्या भावाने मोबाइलच्या क्लिपा जोडून केलेली २५ मिनिटांची. दोन्ही एमपीफोर, मिळून ४.१ जीबी. आजोबा गावाला असतात, तिथे डबा टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेअर. तुम्ही तीन डिस्क वाया घालवल्या. पहिली विंडोजमधूनच राइट केली, दुसऱ्या वेळी फाइलचं नाव बदलून शेवटी व्हीओबी लावलं, आणि तिसरी आरडब्ल्यू, म्हणजे पुसून परत लिहिता येणारी, घेतली. पहिल्या दोन्हीला प्लेअर 'अननोन डिस्क' म्हणाला, तिसरीला 'नो डिस्क'. लॅपटॉपवर तिन्ही मस्त लागतात. आणि आता तुम्ही विचारताय की चांगल्या कंपनीची कोरी डीव्हीडी कुठली घ्यावी.

कंपनीचा विषय नंतर. मी कराडला २००३ पासून व्हिडिओ मिक्सिंगचं काम करतोय, लग्न, बारसं, मुंज, सत्कार, सगळं, आणि त्यातली निदान दहा वर्षं रोज संध्याकाळी डीव्हीडी राइट करण्यात गेली. 'कॉम्प्युटरवर लागते पण घरी लागत नाही' म्हणत येणाऱ्या पार्टीच्या हातात बहुतेक वेळा डिस्क चांगलीच असायची, फक्त ती डीव्हीडी नसायची. म्हणजे डिस्क डीव्हीडीची, पण आत नुसती फाइल कॉपी केलेली.

फरक असा आहे. डीव्हीडी प्लेअर हे १९९६ साली ठरलेल्या नियमांवर चालणारं मशीन. त्याला डिस्कवर व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर लागतो, त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन जातीच्या फायली लागतात, आणि चित्र एमपेग-२ मध्ये लागतं, ही चित्र दाबून साठवायची जुनी पद्धत. आयएफओ म्हणजे त्याची अनुक्रमणिका, कुठून सुरू करायचं, चॅप्टर कुठे, आवाज कुठला, ते त्यात असतं. तुमच्या एमपीफोरमध्ये चित्र बहुतेक एच.२६४ मध्ये आहे, तो प्रकारच मुळात २००३ चा. जुन्या प्लेअरच्या चिपला तो येत नाही आणि येणारही नाही, मोबाइलसारखा त्याला अपडेट मिळत नसतो. त्यामुळे नाव बदलून व्हीओबी केल्याने काही होत नाही, बरणीवर 'साखर' लिहिलं तरी आतलं मीठ मीठच राहतं. लॅपटॉपवर व्हीएलसी नावाचा प्रोग्राम असतो, तो आत काय आहे ते हुंगून काहीही वाजवतो, म्हणून तिथे लागलं हा पुरावा इथे कामाचा नाही.

विंडोजमधून राइट करताना एक खिडकी येते, त्यात दोन पर्याय असतात, एक पेनड्राइव्हसारखं वापरायचं आणि दुसरा 'विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर'. दुसरा वाचून कोणालाही वाटणार की हीच ती प्लेअरवर लागणारी डीव्हीडी, तुम्हालाही तेच वाटलं. पण तो पर्याय फायली जशाच्या तशा डिस्कवर ठेवून डिस्क बंद करतो, एवढंच. चित्र बदलत नाही. विंडोज सेव्हनपर्यंत काही आवृत्त्यांमध्ये डीव्हीडी मेकर म्हणून वेगळा प्रोग्राम यायचा, तो खरी डीव्हीडी करायचा, विंडोज ८ पासून तो गेला.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट, जी तुम्ही सहज लिहून गेलात. पहिल्या दोन डिस्कला 'अननोन डिस्क' आणि तिसरीला 'नो डिस्क'. हे दोन वेगळे आजार आहेत. 'अननोन' म्हणजे लेन्सने डिस्क वाचली, आत काय आहे ते कळलं नाही, म्हणजे फॉरमॅटचा घोळ. 'नो डिस्क' म्हणजे लेन्सला डिस्क दिसलीच नाही. दुकानातून आणलेल्या पिक्चरच्या डिस्कवर छाप दाबून खड्डे पाडलेले असतात, ती आरशासारखी चमकते. आपण राइट करतो त्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, लेसर तो भाजतो, चमक कमी. आरडब्ल्यूची चमक त्याहून कमी, जुन्या आणि थकलेल्या लेन्सला ती झेपत नाही. म्हणून आरडब्ल्यू डोक्यातून काढून टाका, 'पुसून परत वापरता येईल' हा हिशोब इथे महाग पडतो. उलट चांगली बातमी ही की तुमच्या पहिल्या दोन डिस्क लेन्सने वाचल्यात, म्हणजे प्लेअर अजून ठीक आहे.

आता कामाला लागायच्या आधी गावाला फोन करून कोणाला तरी प्लेअरचं पुढचं तोंड बघायला सांगा. यूएसबीचं भोक आहे का? डिव्हएक्स असं काही लिहिलंय का? असेल तर कदाचित डिस्क करायचीच गरज नाही. आपल्याकडे २००७-०८ नंतर विकलेल्या स्वस्त प्लेअरपैकी बऱ्याच जणांना एव्हीआय फाइल, आतमध्ये एक्सव्हिड किंवा डिव्हएक्स आणि आवाज एमपीथ्री, हे वाजवता येतं, फक्त चित्राचा आकार ७२० बाय ५७६ च्या वर जायला नको. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि फाइलचं नाव इंग्रजीत, छोटं ठेवा. मराठी नाव दिलं की बऱ्याच प्लेअरवर नुसते चौकोन दिसतात. पाच मिनिटांचा तुकडा करून आधी तोच पाठवा. पण हे सगळं प्लेअरवर अवलंबून आहे, एकाच दुकानातल्या दोन मॉडेलमध्ये फरक असायचा. भोक नसेल किंवा तो तुकडा लागला नाही तर मग खरी डीव्हीडी, ती कशी करायची ते पुढे.

पहिलं ठरवायचं ते पाल का एनटीएससी, हे टीव्हीच्या चित्राचे दोन ठराव. भारतात टीव्ही पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि आकार ७२० बाय ५७६. शूटिंगवाल्याने बहुतेक २५ किंवा ५० वरच शूट केलेलं असणार, त्यामुळे पालच घ्या. अडचण तुमच्या भावाच्या फाइलची आहे. मोबाइल ३० फ्रेमने शूट करतो, आणि तेही नेमकं ३० नाही, उजेड कमी झाला की २४ वर येतो, परत वाढतो, त्याच्या मनाप्रमाणे. मोबाइलवर बघताना कळत नाही, पण डीव्हीडी करणारा प्रोग्राम ठराविक फ्रेम धरून चालतो आणि मग वीस मिनिटांनी काका बोलतायत आणि आवाज आधीच पुढे गेलाय, असं होतं. पार्टी म्हणते 'तुमच्या डीव्हीडीत आवाज सरकलाय', खरं तर तो फाइलमध्येच तसा असतो. म्हणून मोबाइलची फाइल आधी हँडब्रेक नावाच्या प्रोग्राममधून काढा, फ्रेमरेट २५ आणि त्याखाली कॉन्स्टंट निवडा, क्वालिटी चांगली ठेवा, फाइल मोठी झाली तर होऊ दे. ३० चे २५ करताना कॅमेरा आडवा फिरतो तिथे थोडा झटका दिसेल, तो मी आजपर्यंत पूर्ण घालवू शकलेलो नाही. तुमचं सगळंच शूटिंग मोबाइलचं असतं तर मी एनटीएससी करा म्हटलं असतं, आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ते चालवतात. उलटं मात्र होत नाही, अमेरिकेतल्या साध्या प्लेअरला पाल बहुधा चालत नाही. एका पार्टीचा मुलगा न्यू जर्सीला, त्याला कुरिअरने पालची डिस्क गेली आणि दोन आठवड्यांनी फोन आला की काळा पडदा दिसतोय, तेव्हापासून मी ऑर्डर घेतानाच विचारतो की कॉपी कुठे जाणार.

दुसरं म्हणजे बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला किती जागा द्यायची, आणि इथे लोक घोळ घालतात. तुम्ही लिहिलंय 'फाइल ४.१ जीबीची आणि डीव्हीडी ४.७ ची, म्हणजे बसते'. ती बसते हे खरं, पण डीव्हीडी करताना जुनी साइज विसरायची, तिथे फक्त मिनिटं मोजायची. डब्यावरचे ४.७ म्हणजे कंपनीचा हिशोब, विंडोज त्यालाच ४.३७ दाखवतं. आणि मी ४.२ च्या वर कधी भरत नाही, कारण डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरच्या कडेलाच चुका जास्त होतात, जुना प्लेअर शेवटच्या दहा मिनिटांत अडकतो तो त्यामुळेच. तर ४.२ म्हणजे साधारण ३६,००० मेगाबिट. तुमची ११० मिनिटं म्हणजे ६,६०० सेकंद. भागिलं तर सेकंदाला ५.४ मेगाबिट येतं, आवाजाला ०.२ आणि किरकोळ ०.२ सोडा, चित्राला उरले ५, म्हणजे ५००० केबीपीएस. हे चांगलं आहे, मी स्वतः दोन तासांपर्यंत एका डिस्कवर घेतो. तीन तास कोंबले की चित्राला जेमतेम तीनच उरतात, आणि मग भाषणं ठीक दिसतात पण लग्नात अक्षता पडायला लागल्या की सगळं चित्र चौकोन-चौकोन. तुमच्याकडे अक्षता नाहीत पण ८१ दिव्यांचं औक्षण असेल, बहुतेक हॉलचे दिवे घालवून केलेलं. अंधारात हलत्या ज्योती हा एमपेग-२ चा सगळ्यात कच्चा भाग आहे, तो तुकडा मुद्दाम तपासा. तिथे चौकोन दिसले तर दोन फायली दोन डिस्कवर घ्या, एकच डिस्क पाहिजे हा हट्ट नको.

कोणी विचारेल तुमच्या एमपीफोरचा बिटरेटही साधारण ५ आणि याचा पण ५, मग आधीचं फुल एचडी आणि हे असं कसं. एच.२६४ तेवढ्याच जागेत पुष्कळ जास्त माल बसवतो, म्हणून. डीव्हीडी एचडी कधीच नव्हती, फुल एचडीत जेवढे ठिपके असतात त्याच्या एक पंचमांश यात. पण डबा टीव्हीवर आजोबांना ते कळणार नाही, तो टीव्ही स्वतःच तेवढंच दाखवतो.

प्रोग्राम म्हणाल तर डीव्हीडीस्टायलर, फुकट आहे. इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत सुटू नका, प्रत्येक पानावर काय टिक आहे ते वाचा, हे मी कुठल्याही फुकट प्रोग्रामबद्दल सांगतो. नवीन प्रोजेक्ट घेताना पाल, १६:९, आवाज एसी-३ ४८ किलोहर्ट्झ, एवढंच बघायचं. बिटरेट ऑटोवर ठेवला तर तो मिनिटांवरून स्वतः काढतो पण डिस्क काठोकाठ भरायला बघतो, म्हणून मी हाताने टाकतो. टेम्प्लेट विचारेल तिथे नो टेम्प्लेट. लोकांना मेनू हवा असतो, फिरती फुलं, मागे सनई, पण वडीलधाऱ्यांसाठी करताय तर मेनू नकोच. डिस्क घातली की चित्र सुरू झालं पाहिजे. मेनूवर बाण नेऊन ओके दाबायचं हे त्यांना जमत नाही असं नाही, पण त्या जुन्या रिमोटचं ओके बटण हमखास गेलेलं असतं. चॅप्टर मात्र टाका, आणि दर पाच मिनिटांनी नको, कार्यक्रमाप्रमाणे टाका, गणपतीपूजन, तुला, औक्षण, भाषणं, जेवणं. नेक्स्ट दाबलं की सरळ औक्षण आलं पाहिजे. भाषणं कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

१६:९ म्हटलं की एक गोष्ट, डबा टीव्ही ४:३ असतो. चित्र लांबुळकं, माणसं बारीक उंच दिसायला लागली तर डिस्क नाही चुकली, प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप ४:३ लेटरबॉक्स करा, वर खाली काळ्या पट्ट्या येतील आणि माणसं माणसांसारखी दिसतील. मोबाइल उभा धरून काढलेल्या क्लिपा असतील तर बाजूला काळं राहणारच, ते ताणून भरू नका, आजी दुप्पट रुंद होतात आणि मग घरात वाद.

आणि नावं. शूटिंगवाल्याने 'सहस्रचंद्रदर्शन सोहळा' वगैरे बारीक नक्षीदार अक्षरात टाकलं असेल, एचडीवर सुंदर दिसतं. डबा टीव्ही एक आड एक ओळी दाखवतो, त्यामुळे आडवी बारीक रेघ थरथरते. इंग्रजी अक्षराला त्याचा तेवढा त्रास नाही, पण आपल्या अक्षराला वरून शिरोरेषाच आडवी, आख्खं नाव लुकलुकतं. मी म्हणूनच डीव्हीडीसाठी कायम जाड फाँट वापरायचो आणि नाव कडेपासून चांगलं आत घ्यायचो, कारण डबा टीव्ही कडेचं थोडं चित्र खातो. तुम्ही स्वतः काही नाव टाकणार असाल तर जाड आणि मधे. शूटिंगवाल्याचं बदलता येणार नाही, ते सोडून द्या.

मग डीव्हीडीस्टायलरला सरळ राइट करायला न सांगता आयएसओ फाइल, म्हणजे आख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, करायला सांगा. हार्डडिस्कवर दहा-बारा जीबी मोकळी ठेवा, लॅपटॉप जुना असेल तर दोन-तीन तास लागतील, रात्री लावून झोपा. सकाळी आयएसओ व्हीएलसीमध्ये उघडून औक्षणाचा भाग आणि मोबाइलच्या फाइलची शेवटची दोन मिनिटं बघा, ओठ आणि आवाज जुळतायत का. चूक इथे सापडली तर डिस्क वाचते. मग ती आयएसओ इमेजबर्न नावाच्या प्रोग्रामने राइट करा. वेग ४एक्स किंवा ८एक्स. १६एक्सला पाच-सहा मिनिटांत होते हे खरं, ४एक्सला पंधरा लागतात, पण एकच डिस्क करायची आहे तर घाई कशाला. अगदी १एक्स मिळाला तरी घेऊ नका, हल्लीच्या डिस्क तेवढ्या हळू भाजायला बनवलेल्या नाहीत. व्हेरिफायची टिक राहू द्या. चालू असताना लॅपटॉपवर दुसरं काही करू नका.

आता कोरी डिस्क. डीव्हीडी उणे आर (DVD-R) घ्या, अधिक आर (DVD+R) नको, जुन्या प्लेअरला उणे जास्त चालते असा माझा अनुभव. अधिक आरला इमेजबर्नमध्ये बुक टाइप बदलून डीव्हीडी-रॉम असं भासवता येतं, रायटरने साथ दिली तर, पण एका डिस्कसाठी कोण त्यात पडणार. मोझर बेअर मिळत होती तोवर आम्ही पन्नासचा डबा आणायचो आणि डोळे झाकून वापरायचो, ती कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनला गेली. आता जी मिळेल ती घ्या, पण सुट्टी धूळ खात पडलेली नको, सीलबंद डब्यातली घ्या आणि खालून प्रकाशात धरून बघा, ढगाळ डाग असतील तर परत करा.

वर कागदी स्टिकर चिकटवू नका. हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय. २००६ च्या सीझनला मी हौसेने नवरानवरीच्या फोटोचे गोल स्टिकर छापून घेतले, जवळपास चाळीस डिस्कला लावले, पार्ट्या एकदम खूश. पावसाळा आला, चिपळूणकडच्या एका पार्टीचा फोन, डिस्क घरघर आवाज करते आणि थांबते. बघितलं तर स्टिकर दमटाने एका बाजूला फुगलेला, डिस्क फिरताना डगमगते, लेन्सला धरता येत नाही. काढायला गेलो तर तो धड निघेना. कॅसेट माझ्याकडे होती म्हणून वाचलो, पण चाळीसातल्या निम्म्याहून जास्त परत राइट करून द्याव्या लागल्या, फुकट. सीडी मार्करने लिहा, तेही मधल्या पारदर्शक गोलावर. बॉलपेन अजिबात नको, डीव्हीडीचा चंदेरी थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधे असतो, तरी टोकाच्या दाबाने डिस्क खराब होऊ शकते.

तर क्रम एवढाच, यूएसबी आहे का बघा, नसेल तर मोबाइलची फाइल २५ कॉन्स्टंट, मग डीव्हीडीस्टायलर पाल १६:९ आणि ५०००, आयएसओ तपासा, उणे आरवर ८एक्सच्या आत राइट करा.

गावाला पाठवण्याआधी शेजारीपाजारी कोणाकडे जुना प्लेअर असेल तर त्यावर लावून बघा, आणि सुरुवात नका बघू, सरळ शेवटच्या चॅप्टरवर जा. तिथे अडकली नाही तर पाठवा. एमपीफोरच्या मूळ फायली मात्र उडवू नका, दोन ठिकाणी ठेवा, राइट केलेली डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही, कोकणात तर नाहीच नाही.

एवढं करूनही त्या प्लेअरने 'नो डिस्क' दाखवलं तर आजोबांकडे दुकानातून आणलेली एखादी जुनी पिक्चरची किंवा कीर्तनाची डीव्हीडी असेल ती लावायला सांगा. ती लागली आणि तुमची लागली नाही तर लेन्स थकत चाललीय, अशा वेळी मी शेवटचा उपाय म्हणून व्हीसीडी करून द्यायचो, साध्या सीडीवर, ३५२ बाय २८८, तुमच्या दोन सीडी होतील, चित्र धुरकट पण आम्ही एके काळी आख्खी लग्नं त्यावर दिलीयत. आणि पिक्चरचीही लागली नाही तर मग डिस्कवर पैसे घालू नका. काय दिसतंय ते इथे लिहा, प्लेअरच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबरही टाका, बघतो.